काकूच्या मुठीतला हुरडा

जालन्यात थंडी आली हे लोकांना स्वेटरवरून कळतं. मला ते माझ्या उजव्या हातावरून कळतं. संक्रांतीच्या अलीकडे-पलीकडे सकाळी कचेरीत जायला निघालो की वाटेत कुणीतरी पाचोळा पेटवून शेकत बसलेलं असतं, आणि त्या धुराचा वास आला रे आला की माझा हात आपण होऊन शर्टाच्या वरच्या खिशाकडे जातो. खिशात आता चष्म्याचं घर असतं. हात ते चाचपतो, ओशाळतो आणि परत येतो. सिगारेट सुटून कितीतरी हिवाळे झाले, पण हातापर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

याच दिवसांत केदारखेड्याहून विष्णूदादाचा फोन येतो. विष्णूदादा माझा थोरला चुलतभाऊ. दोन्ही घरांची शेती तोच बघतो. मी जालन्यात बसून कागद बघतो. यंदाही त्याचा फोन आला. "दिगू, सुरती भरली. रविवारी येऊन राह्यला ना? आईनं सांगितलं, जल्दी निघ म्हणून. मागल्या साली उन्हं झाल्यावर आल्ता तू." त्याची आई म्हणजे माझी काकू, आणि सुरती म्हणजे हुरड्यासाठी मुद्दाम पेरलेली ज्वारी. रानाच्या एका कडेला तिची चार तासं, म्हणजे चार ओळी असतात. दाणा दुधावर आला की थोड्याच दिवसांत खाऊन मोकळं व्हायचं, नाहीतर तो टणक होतो आणि मग भाकरीशिवाय त्याचं काही होत नाही. एवढासा तो मोसम, पण आमच्या घरात वर्षभरातल्या सगळ्या गोष्टी 'हुरड्याच्या आधी' आणि 'हुरड्यानंतर' अशाच घडतात.

हुरडा ताटात वाढून घेण्याची वस्तू नाही. त्याच्यासाठी आगटीजवळ मांडी घालून बसावं लागतं. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्या, आणि गोवऱ्यांचा धूर सरून नुसते लाल निखारे उरले की त्यात हिरवी कणसं खुपसायची. ती तडतडतात, पाणी सोडतात. नेमक्या वेळेला बाहेर काढून तळहातावर चोळली की पोपटी दाणे सुटतात आणि तळहात भाजतात. सोबत दही, गूळ, बोरं आणि मंदावहिनीचा ठेचा. मंदावहिनी विष्णूदादाची बायको, धावड्याची. मिरची तिच्या माहेरून येते आणि समोरचा पाहुणा आहे की घरचा हे ती मिरची बघत नाही. डोळ्यांतून पाणी काढत, फुंकर मारत, पुन्हा हात पुढे करत माणूस खात राहतो, आणि पोट भरल्याचं त्याला फार उशिरा कळतं.

आणि मग बांध. हुरडा झाला की मी आणि विष्णूदादा उठायचो आणि बोरीच्या पलीकडच्या बांधावर जाऊन सिगारेट पेटवायचो. त्या बांधावरच्या सिगारेटीइतकी चवदार सिगारेट मी दुसरीकडे कुठं ओढली नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो; छातीच साक्षीदार आहे. विष्णूदादा चार माणसांत हं आणि हूंवर भागवतो. बांधावर मात्र तो बोलायचा. पोरीला बघायला आलेली मंडळी, मोसंबीच्या झाडांचं पाणी, मध्येच त्याला वाटणारी भीती, सगळं त्या एका सिगारेटीच्या लांबीत बसवून सांगायचा. शेवटचा झुरका झाला की पुन्हा हं आणि हूं. त्यामुळे सिगारेट सोडायचा विचार मनात आला की मला तलफेची फारशी भीती वाटायची नाही. भीती वाटायची ती बांध सुटेल याची.

सुटली कशी, त्याची गोष्ट गावात एक आहे आणि खरी दुसरी आहे.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर काकू जालन्याला आली आणि म्हणाली, "मला जांबला ने." जांब समर्थला रामाचं दर्शन करायचं तिच्या फार दिवसांपासून मनात होतं. मी गाडी काढली. दर्शन झालं, काकू आत पोथी ऐकत टेकली आणि मी बाहेर येऊन झाडाखाली सिगारेट पेटवली. पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की थांबेना. वाकलो, बसलो, डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाकातून पाणी. शेजारची बाई पोराला घेऊन लांब सरकली. स्वतःचाच असा राग आला की पाकीट, काडेपेटी, सगळं कचऱ्याच्या डब्यात भिरकावलं. राग तेवढ्यापुरताच होता. परतीच्या वाटेवर पहिली टपरी लागली की दुसरं पाकीट घेणार होतो, यात मला काही शंका नाही.

पण नेमकी त्याच वेळी काकू बाहेर आली. तिला काय दिसलं? देवाच्या दारात पुतण्या रडतो आहे आणि सिगारेटचं पाकीट फेकतो आहे. आमच्याकडे तीर्थाला गेलं की आवडीची एक वस्तू सोडून यायची रीत आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी पेरू सोडतं, आणि मग ते जन्मभर पाळतात. काकूनं सरळ हिशेब लावला. तिचेही डोळे भरले. "सोडली ना रं देवापुढं? लई बराबर केलं," असं म्हणून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. ठसका अजून घशातच होता, त्यामुळे मला बोलता आलं नाही. "थांब, माझं एक काम राह्यलं," म्हणून ती पुन्हा आत गेली आणि बऱ्याच वेळानं आली. चप्पल विसरली असेल असं मला वाटलं.

गाडी अंबडपर्यंत येईतो तिनं फोनवरून सगळं घर जागं केलं होतं. विष्णूदादा, मंदावहिनी, माझी बायको, परतूरची आत्या. "दिगूनं सोडली. जांबला. देवाच्या म्होरं. लेकरू ढसाढसा रडलं." मी स्टिअरिंग धरून समोर बघत होतो. डावीकडे एक टपरी आली आणि गेली. उजवीकडे एक आली, तीही गेली. काकू शेजारी बसून माझं कौतुक करत असताना गाडी थांबवून उतरायचं धैर्य माझ्यात नव्हतं. अशी माझी सिगारेट सुटली.

सुटली म्हणजे हातातून सुटली. डोक्यातून जायला तिला घाई नव्हती. कचेरीतली मंडळी टपरीवर जायची तेव्हा मीही जायचो. ते धूर काढायचे आणि मी भजी खायचो. धूर गेला आणि पोट आलं. खिशात लवंगा, बडीशेप, वेलदोडे असं फिरतं किराणा दुकान झालं. दुपारी डुलकी लागली की स्वप्नात मी मजेत सिगारेट ओढत असायचो आणि दचकून जागा झालो की उरलेला दिवस काकूला तोंड कसं दाखवायचं या विचारात असायचो. केदारखेड्याच्या फाट्यावरच्या टपरीवाल्यानं तर एकदा बायकोच्या भावासाठी मागितलेली सिगारेटही मला दिली नाही. "साहेब, पाव्हण्यांलाच पाठवा. तुमच्या हातात देऊन मी पापात न्हाई पडत." एवढी राखण असताना माणूस बिघडणार कसा?

त्यानंतरचा पहिला हुरडा मला वेगळ्याच कारणासाठी आठवतो. गाडीतून उतरलो आणि वास आला. वास रोजच येतात, पण हा सुटा सुटा आला. जळत्या गोवरीचा वेगळा, कडब्याचा वेगळा, आणि कणसाच्या टोकाला दाणा करपतो त्याचा गुळासारखा वेगळा. इतकी वर्षं मी हुरडा खाल्ला होता तो जिभेच्या आठवणीवर. नाक कधीचंच रजेवर गेलं होतं आणि ते असं अचानक कामावर हजर झालं. मी त्या दिवशी इतका खाल्ला की मंदावहिनी म्हणाली, "भाऊजी, उद्याला बी रान हितंच राहणार हे." आनंदात मी बांधावरही गेलो. विष्णूदादानं सिगारेट ओढली, मी ऊस सोलून खाल्ला. तो थोडं बोलला, पण ऊस खाणाऱ्या माणसाशी मनातलं बोलणं त्याला जमेना. आम्हा दोघांनाही जरा चुकल्यासारखं झालं.

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र कठीण वेळ आली, आणि ती आली सुखातून. लोक समजतात तलफ दुःखात येते. दुःखात ती येते खरी, पण तेव्हा माणूस सावध असतो. त्या रविवारी सगळं बरं चाललं होतं. मोसंबीला पाणी पुरलं होतं, विष्णूदादाच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. पोट भरलेलं, ऊन पाठीवर, वारा गार. आम्ही बांधावर बसलो होतो आणि विष्णूदादा गप्प होता. पोरीचं ठरल्यापासून त्याच्या मनात काहीतरी दाटून आलेलं मला दिसत होतं, पण ते बाहेर येत नव्हतं. त्यानं आपली सिगारेट पेटवली, न बघता पाकीट माझ्याकडे केलं, जुन्या सवयीनं. आणि मी एक काढली. जुन्या सवयीनंच.

त्याची काडेपेटी तेवढ्यात संपली होती. "आगटीवर पेटव," तो म्हणाला. मी सिगारेट ओठांत धरून उतरलो आणि आगटीकडे आलो.

आगटीपाशी काकू होती. दरवर्षी तीच असते. पदर कमरेला खोचून, उकिडवी बसून, कणसं फिरवत. मी वाकून निखारा शोधायला लागलो. ती ओरडली नाही, तिनं देवाचं नाव काढलं नाही. शेजारच्या सुपातून तिनं नुकताच चोळलेला मूठभर हुरडा उचलला, फुंकर मारली आणि मूठ आपल्या तोंडाशी नेली.

"वढ," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू एक झुरका मार, की म्या हे तोंडात टाकते."

मला वाटलं थट्टा करते आहे. मागून कणसं चोळणाऱ्या मंदावहिनीनं हात थांबवले. "भाऊजी, तुम्हाला ठाऊकच न्हाई का? ह्या आत्याबाईनं जांबला तुमच्या संगं हुरडा सोडला. मागल्या साली दाणा चाखला न्हाई, औंदा बी न्हाई."

भाजणारीकडे कोण बघतं? ती सगळ्यांना घालते, तिचं ती मागून खात असेल असं सगळे धरून चालतात. काकू पुन्हा देवळात का गेली होती हे मला त्या आगटीसमोर वाकलेल्या अवस्थेत कळलं. चप्पल तेव्हा तिच्या पायातच होती.

"अगं, पण हुरडाच कामून?" मी म्हणालो. "कारलं सोडायचं. दोडकं सोडायचं."

"कारलं मला आवडतं कुठं? जे आवडतं तेच सोडाया लागतं. आन् एकट्यानं सोडलेलं टिकत न्हाई रं. तुझ्या संगतीला कोन्हीतरी पाहिजे व्हतं." मग मूठ जरा वर करून, "वढतो का? गार व्हायलाय हे."

आम्ही दोघं तसेच थांबलो. माझ्या ओठांत सिगारेट, तिच्या ओठांशी मूठ, मध्ये निखारे. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी कदाचित हट्टाला पेटलो असतो. राग नव्हताच. ती माझ्याकडे बघतही नव्हती, तिची नजर मुठीतल्या दाण्यांवर होती. लहान लेकरू बर्फीकडे बघतं तशी ती बघत होती. खरं सांगायचं तर तिच्या अर्ध्या जिवाला मी ओढावी असंच वाटत होतं. त्या क्षणी मला तिची इतकी माया आली की हसू आणि रडू एकदमच आलं. मी सिगारेट काढली आणि आगटीत टाकली. काकूनं मुठीकडे शेवटचं एकदा बघितलं, दाणे परत सुपात सोडले आणि म्हणाली, "चांगलं झालं." आवाजात थोडी निराशा होती, असं माझं आजही मत आहे.

बांधावर परत गेलो तर विष्णूदादानं सगळं बघितलेलं होतं. त्याची सिगारेट संपली होती. मी शेजारी बसलो. काही न पेटवता, समोर बघत तो बोलायला लागला. पोरगी गेल्यावर घर कसं होईल, हे. ऊन कलेपर्यंत बोलत होता. माझ्या हातात ऊसही नव्हता. बांध सुटणार नाही हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून आमच्या हुरड्याला एक नवा विधी जोडला गेला. सगळ्यांचं खाऊन झालं की काकू मूठ भरून मला हाक मारते. "काय दिगू, वढतो का? मला हुरडा खाऊ वाटायलाय." मी म्हणतो, "न्हाई." ती मूठ सुपात रिकामी करते. मंडळी हसतात. एका वर्षी यावरून वादही रंगला. वाळवलेल्या हुरड्याचं थालीपीठ हे हुरडा धरायचं की नाही? मंदावहिनीच्या मते वाळल्यावर ती नुसती ज्वारी झाली. विष्णूदादा म्हणाला, वाळला तरी हुरडाच. काकूनं दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या आणि वाद चालू असतानाच दोन थालीपीठं संपवली. मग मीही माझा मुद्दा मांडला, की विष्णूदादाच्या धुराच्या बाजूला बसणं हे ओढण्यात येतं का? काकू म्हणाली, "नाकात गेला तर जाऊ दे. तू नाक म्होरं करू नको."

इतक्या वर्षांनी मला एक समजलं आहे. सोडणं ही एकदा करायची गोष्ट आहे, आणि सोडलेलं असणं ही रोजची आहे. पहिल्या वर्षी तलफ दार वाजवत येते. पुढे ती वाजवत नाही, नुसती अंगणात येऊन बसते, आणि आपण तिला ओळखतो. कधी महिनोन् महिने येत नाही आणि आपण फुशारून म्हणतो, आपली पक्की सुटली. मग एखाद्या गार सकाळी पाचोळ्याचा धूर येतो आणि उजवा हात खिशाकडे निघतो.

यंदा मात्र मी वेगळं ठरवून गेलो होतो. काकू पावसाळ्यात बरीच आजारी होती. आता हात थरथरतो, म्हणून आगटीवर मंदावहिनी बसते आणि काकू बाजूला बाजेवर, गोधडी पांघरून, तिच्या चुका काढते. खालचे दात गेले आहेत. तिला बघून मनात आलं, आणखी किती हुरडे तिच्या वाट्याला असतील, आणि माझ्यापायी तिनं त्यातल्या एकाचाही दाणा चाखू नये? मी सूप घेऊन बाजेवर तिच्याशेजारी बसलो. तिनं नेहमीसारखी मूठ भरली. ती बोलायच्या आधीच मी बोललो.

"काकू, आता बस झालं. माझी पक्की सुटली. आता काही होत न्हाई मला. तू खा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मुठीतून दोन-चार दाणे गोधडीवर सांडले.

"खरं सांग. सकाळपून विष्णू तिकडं वढून राह्यला, तव्हा तू वाऱ्याच्या कोन्या अंगाला बसेल व्हता?"

धूर येतो त्याच अंगाला बसलो होतो. बाजेवरून बांध स्पष्ट दिसतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"वाटतं अजून?" तिनं हळूच विचारलं.

तिच्याशी खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता. "वाटतं गं," मी म्हणालो. "रोज न्हाई. पण वाटतं."

"मला बी वाटतं," काकू म्हणाली.

मग तिनं माझा हात ओढून घेतला आणि सगळी मूठ माझ्या तळहातावर रिकामी केली. दाणे अजून ऊन होते. तिनं गोधडी छातीपर्यंत घेतली, मागे टेकली आणि डोळे मिटले.

"खा," ती म्हणाली. "आन् कसा लागला ते मला सांग."

मी एक दाणा तोंडात टाकला. "गोड आहे," मी म्हणालो. "औंदा मागल्या सालापेक्षा गोड. वरून जरा करपलाय, आत दूध आहे." ती मिटल्या डोळ्यांनी हुंकार देत होती. मी एकेक दाणा सावकाश चावत तिला सांगत राहिलो.